मेघसंगणन : भाड्याचे यंत्र आणि आपली आकडेवारी

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासक्रमात मेघसंगणन, म्हणजेच क्लाउड कम्प्युटिंग, हा घटक विज्ञान व तंत्रज्ञान या सदरात मोडतो. त्यामुळे बहुतेक विद्यार्थी त्याची व्याख्या पाठ करतात, सेवांचे तीन प्रकार लक्षात ठेवतात आणि पुढील घटकाकडे वळतात. वास्तविक या विषयाचा गाभा अर्थशास्त्राचा आहे. यंत्र विकत घ्यावे की भाड्याने घ्यावे, भाड्याच्या जागेत ठेवलेली आपली चीजवस्तू कोणाच्या जोखमीवर राहते आणि जागा बदलायची झाल्यास त्यासाठी किती मोजावे लागते, हे प्रश्न त्यात दडलेले आहेत. या प्रश्नांची उत्तरे व्याख्येतून मिळत नाहीत. एखादा लहानसा सर्व्हर प्रत्यक्ष कसा उभा राहतो हे पाहिले, तर ती आपोआप पुढे येतात.

म्हणून येथे एक उदाहरण घेऊ. लासलगावचा कांदा, आग्र्याचा बटाटा आणि कोलारचा टोमॅटो यांची रोजची आवक व भाव एका अभ्यासगटाला संकेतस्थळावर आलेखरूपाने दाखवायचे आहेत. भाव ‘ॲगमार्कनेट’ या शासकीय जाळ्यावरून मिळतात. गट ते रोज साठवतो, चुकीच्या नोंदी दुरुस्त करतो आणि पाऊस, संप, निर्यातबंदी अशा कारणांची टिपणे जोडतो. आलेख काढणारी आज्ञावली पायथॉन किंवा आर या भाषेत लिहिलेली आहे. ती चालवायची कोठे?

मालकी की भाडे

पूर्वी याचे एकच उत्तर होते. सर्व्हर विकत घ्या, कार्यालयात वातानुकूलित खोली करा, बॅटरी बसवा आणि देखभालीसाठी माणूस नेमा. ॲमेझॉन कंपनीने २००६ मध्ये प्रथम साठवणुकीची आणि त्यानंतर संगणनशक्तीची सेवा तासाच्या दराने देण्यास प्रारंभ केला, तेव्हा दुसरे उत्तर उपलब्ध झाले. सप्टेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने मेघसंगणनाची जी व्याख्या प्रसिद्ध केली, तीच आज सर्वत्र आधारभूत मानली जाते. तिच्यात पाच लक्षणे सांगितली आहेत : मागणीनुसार स्वयंसेवा, जाळ्यावरून सर्वत्र उपलब्धता, संसाधनांचा सामाईक वापर, क्षमतेची त्वरित वाढ-घट आणि मोजून आकारणी. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने शेवटच्या दोन लक्षणांखाली रेघ ओढावी. स्थिर खर्चाचे बदलत्या खर्चात रूपांतर होते ते त्यांच्यामुळे.

हिशेब साधा आहे. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी गृहीत धरलेले आहेत. सर्व्हरची किंमत ३ लाख रुपये आणि आयुष्य ५ वर्षे धरले, तर दरमहा घसारा ५,००० रुपये होतो. वीज व देखभालीचे ३,००० मिळवले की मालकीचा खर्च दरमहा ८,००० रुपये. तेवढ्याच क्षमतेचे यंत्र भाड्याने ताशी २० रुपयांना मिळते असे समजू. महिन्याचे ७२० तास ते अखंड चालवले, तर भाडे १४,४०० रुपये होईल, म्हणजे मालकीच्या जवळपास दुप्पट. उलट महिन्याला २०० तासच वापर असेल, तर ४,००० रुपयांत काम भागेल. समतोलबिंदू ४०० तासांचा आहे. त्याहून कमी वापरास भाडे, अधिक वापरास मालकी.

आता निकालाच्या दिवसाचा विचार करा. एखाद्या परीक्षा मंडळास वर्षातून एकच दिवस दहापट क्षमता लागते. दहा यंत्रे २४ तास भाड्याने घेतली तर ४,८०० रुपये लागतात. तीच दहा यंत्रे मालकीची ठेवली, तर वर्षभर दरमहा ८०,००० रुपये. मेघसंगणनाचा खरा लाभ अशा चढउताराच्या मागणीत आहे. मागणी वर्षभर सारखी असणाऱ्या संस्थेस तो आपोआप मिळत नाही. बेसकॅम्प ही सेवा चालवणाऱ्या अमेरिकी कंपनीने २०२२ मध्ये आपण सार्वजनिक क्लाउड सोडत असल्याचे जाहीर केले, त्यामागे नेमका हाच हिशेब होता. ‘क्लाउड स्वस्त असते’ हे विधान उत्तरपत्रिकेत सरसकट लिहू नये.

आपल्या अभ्यासगटाचे संकेतस्थळ मात्र रात्रंदिवस चालू राहणार आहे. मग त्यांनी भाड्याचे यंत्र का घ्यावे? कारण त्यांची गरज एका संपूर्ण यंत्राची नाही. संसाधनांचा सामाईक वापर हे तिसरे लक्षण येथे उपयोगी पडते. एका मोठ्या यंत्राचे अनेक आभासी भाग करून त्यातील लहानसा भाग त्यांना मिळतो. जी संस्था अखंड यंत्र विकत घेऊ शकत नाही, तिला या बाजारात प्रवेश मिळतो तो या विभाज्यतेमुळे.

पेटीचे प्रमाणीकरण

यंत्र मिळाले, तरी आज्ञावली तेथे चालेलच असे नाही. लेखकाच्या संगणकावर पायथॉनची एक आवृत्ती असते, सर्व्हरवर दुसरी असते आणि आलेख काढणारे ग्रंथालय तिसऱ्याच आवृत्तीवर अवलंबून असते. संगणक क्षेत्रातील कितीतरी मनुष्यतास या विसंवादात खर्ची पडले आहेत. ही अडचण दूर करणाऱ्या तंत्राचे नाव कंटेनर आहे आणि हे नाव बंदरावरून आलेले आहे.

२६ एप्रिल १९५६ रोजी न्यू जर्सीतील न्यूअर्क येथून ‘आयडियल-एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन ह्यूस्टनकडे निघाले. ही कल्पना माल्कम मॅक्लीन या ट्रक व्यावसायिकाची होती. सुटा माल जहाजावर चढवण्यास त्या काळी टनामागे पाच डॉलरहून अधिक खर्च येई. पेट्यांमुळे तो काही सेंटांवर आला. पण खरी क्रांती पेटीने घडवली नाही, ती पेटीच्या मापाने घडवली. आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण संघटनेने १९६० च्या दशकाअखेर मापे निश्चित केली, तेव्हा कोणतीही पेटी कोणत्याही जहाजावर, रेल्वेवर आणि ट्रकवर बसू लागली. १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर या प्रमाणीकरणावरच उभे आहे. पेटीत काय आहे याच्याशी तेथील क्रेनला कर्तव्य नसते.

आज्ञावलीच्या कंटेनरचेही असेच झाले. एकाच संगणकात प्रक्रियांना परस्परांपासून वेगळे ठेवण्याची आणि त्यांच्या संसाधनांना मर्यादा घालण्याची सोय लिनक्स प्रणालीत २००८ पर्यंत आलेली होती. ती वापरणे मात्र तज्ज्ञांचेच काम होते. मार्च २०१३ मध्ये ‘डॉकर’ हे साधन खुले झाले आणि ही सोय सर्वसामान्य आज्ञावलीकारांच्या हाती आली. पुढे २०१५ मध्ये पेटीच्या मापाचे खुले मानक ठरवण्यासाठी ‘ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह’ स्थापन झाली. डॉकरने बनवलेली पेटी आज दुसऱ्या साधनांनीही उघडता येते, याचे कारण ते मानक आहे.

आभासी यंत्र आणि कंटेनर यांतील भेदावर प्रश्न विचारला जातो. आभासी यंत्रात संपूर्ण कार्यकारी प्रणाली स्वतंत्रपणे चालते, म्हणून ते जड असते आणि सुरू होण्यास वेळ घेते. कंटेनर यजमान यंत्राचाच प्रणाली-गाभा वापरतो. त्याच्यासोबत केवळ आज्ञावली व तिला लागणारी ग्रंथालये असतात, म्हणून तो काही क्षणांत सुरू होतो. या हलकेपणाची किंमतही आहे. गाभा सामाईक असल्याने त्यातील एखादी त्रुटी सर्व कंटेनरांना बाधू शकते. परस्परांवर विश्वास नसलेल्या दोन संस्थांना एकाच गाभ्यावर बसवणे शहाणपणाचे नाही.

सर्व्हरची उभारणी

आता प्रत्यक्ष कृती. प्रथम स्थान निवडावे. मोठ्या परदेशी पुरवठादारांची डेटा केंद्रे २०१५ नंतर भारतात आली. वाचक भारतात असतील, तर मुंबई, पुणे, हैदराबाद किंवा चेन्नई येथील केंद्र घ्यावे. अंतर कमी असल्याने पान लवकर उघडते, आणि आकडेवारीही भारतातच साठवली जाते.

क्षमतेबाबत संयम बाळगावा. दोन आभासी प्रक्रियक आणि ४ गिगाबाइट स्मृती आपल्या उदाहरणास पुरेशी आहे. पायथॉन व आर या भाषा आकडेवारीचा तक्ता सहसा संपूर्णपणे स्मृतीत घेतात, त्यामुळे अशा कामात प्रक्रियकापेक्षा स्मृती आधी अपुरी पडते. पुढे क्षमता वाढवता येते, आणि आज न वापरलेल्या क्षमतेचे भाडे तर भरावेच लागते. खात्यावर खर्चमर्यादेची सूचना पहिल्याच दिवशी लावावी. यंत्र थांबवले तरी डिस्कचे भाडे बहुधा चालूच राहते, ही बाब नवख्यांना देयक हाती आल्यावर कळते.

कार्यकारी प्रणाली म्हणून उबुंटूची दीर्घकालीन पाठबळाची आवृत्ती घेण्याचा प्रघात आहे, कारण तिला पाच वर्षे सुरक्षा सुधारणा मिळतात. सर्व्हरवर प्रवेश परवलीच्या शब्दाने न ठेवता किल्ल्यांच्या जोडीने ठेवावा. सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर राहते आणि खासगी किल्ली आपल्या संगणकाबाहेर जात नाही. नवा सर्व्हर जाळ्यावर येताच काही मिनिटांत स्वयंचलित आज्ञावल्या त्याचे दार ठोठावू लागतात, म्हणून परवलीच्या शब्दाचा मार्ग बंदच करावा. अग्निभिंतीत तीनच दारे उघडी ठेवावीत : व्यवस्थापनासाठी २२ आणि वाचकांसाठी ८० व ४४३.

येथे एक खाचखळगा आहे. डॉकर एखाद्या कंटेनरचे दार बाहेर उघडताना जाळ्याचे नियम स्वतःच लिहितो आणि उबुंटूच्या नेहमीच्या अग्निभिंतीला वळसा घालतो. अग्निभिंत ‘बंद’ सांगत असताना डेटाबेसचे ५४३२ क्रमांकाचे दार जगासाठी उघडे असते. उपाय दोन आहेत. डेटाबेसचे दार बाहेर उघडूच नये, किंवा ते केवळ त्याच यंत्रापुरते, म्हणजे १२७.०.०.१ या पत्त्यावर, बांधावे. त्याशिवाय पुरवठादाराच्या जाळ्यावरील वेगळी अग्निभिंतही वापरावी.

यानंतर डॉकर बसवून पेटी तयार करावी. तिची कृती एका साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहिली जाते : कोणत्या पायावर सुरुवात करायची, कोणती ग्रंथालये घ्यायची, कोणती आज्ञा चालवायची. या कृतीतून जो साचा तयार होतो त्यास ‘इमेज’ म्हणतात. साच्यातून चालू झालेली प्रक्रिया म्हणजे कंटेनर. ग्रंथालयांच्या आवृत्त्यांचे क्रमांक कृतीत नेमकेपणाने लिहावेत. ‘सर्वांत नवीन’ असे लिहिणे सोयीचे वाटते, पण सहा महिन्यांनी त्याच कृतीतून निराळीच पेटी निघते. संशोधनाच्या दृष्टीने या शिस्तीचे महत्त्व फार आहे. ज्या आज्ञावलीने २०२५ चा आलेख काढला, तीच २०३० मध्ये पुन्हा चालवता आली तरच निष्कर्ष पडताळता येतो. डेटाबेसचा परवलीचा शब्द मात्र साच्यात कधीही घालू नये. साचे इतरांच्या हाती जातात.

आपल्या उदाहरणात तीन कंटेनर लागतील : आलेख दाखवणारी आज्ञावली, पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि दारावर उभा राहणारा एनजिनएक्ससारखा मध्यस्थ. वाचकाची विनंती मध्यस्थ स्वीकारतो, तिचे कूटलेखन सांभाळतो आणि ती आत पाठवतो. कूटलेखनास लागणारे प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या ना-नफा संस्थेकडून विनामूल्य मिळते. त्याची मुदत अल्प असते, म्हणून नूतनीकरण स्वयंचलित ठेवावे. या तिघांचे परस्परसंबंध ‘कंपोज’ नावाच्या एकाच फाइलमध्ये लिहिता येतात. गुगलने २०१४ मध्ये खुल्या केलेल्या ‘कुबरनेटिस’चे नाव विद्यार्थ्यांनी ऐकलेले असते. शेकडो कंटेनर अनेक यंत्रांवर वाटण्याचे ते साधन आहे. एका सर्व्हरवर तीन कंटेनर चालवण्यास ते वापरणे म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानास बंदराची क्रेन लावण्यासारखे होईल.

पेटीबाहेर काय ठेवावे

कंटेनर मुद्दामच क्षणभंगुर ठेवलेला असतो. तो काढून टाकावा, नवा सुरू करावा, अशीच रचना आहे, आणि त्याच्या आत लिहिलेली प्रत्येक गोष्ट त्याच्याबरोबर नाहीशी होते. आज्ञावलीच्या दृष्टीने हा गुण आहे, आकडेवारीच्या दृष्टीने आपत्ती. म्हणून डेटाबेसच्या फाइली कंटेनरच्या बाहेर, यजमान यंत्राच्या डिस्कवर ठेवाव्या लागतात. या जागेस ‘व्हॉल्यूम’ म्हणतात. ही एक ओळ लिहायची राहिली, तर अभ्यासगटाने वर्षभर जोडलेली टिपणे पहिल्याच सुधारणेच्या वेळी जातील. भाव पुन्हा मिळवता येतील कदाचित, टिपणे मिळणार नाहीत.

व्हॉल्यूम म्हणजे संरक्षण नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. ती डिस्क त्याच इमारतीत आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या पुरवठादाराच्या डेटा केंद्रास आग लागून एक इमारत संपूर्ण जळाली. ज्या ग्राहकांच्या प्रतीही त्याच आवारात होत्या, त्यांपैकी काहींची माहिती कायमची गेली. त्याहून बोलके उदाहरण दक्षिण कोरियाचे आहे. डिजिटल शासनात अग्रेसर मानल्या जाणाऱ्या या देशाच्या डेजॉन येथील शासकीय डेटा केंद्रात २६ सप्टेंबर २०२५ रोजी लिथियम-आयन बॅटऱ्यांना आग लागली. सहाशेहून अधिक शासकीय सेवा बंद पडल्या. त्यांपैकी पुष्कळ पुढे सुरू झाल्या. परंतु शासकीय अधिकाऱ्यांची कार्यालयीन कागदपत्रे ज्या ‘जी-ड्राइव्ह’ प्रणालीत साठवली जात, ती सुमारे ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. आकार फार मोठा असल्याने तिची बाहेर प्रत ठेवलेलीच नव्हती. यंत्रे विकत मिळतात, आज्ञावली पुन्हा लिहिता येते. ही कागदपत्रे कोठून आणणार?

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर प्रतीचा खर्च आज आणि निश्चित असतो, लाभ उद्याचा आणि अनिश्चित असतो. वार्षिक अंदाजपत्रकात असा खर्च प्रथम कापला जातो. विम्याच्या हप्त्याचीही हीच गत होते. यावर तांत्रिक क्षेत्रात रूढ असलेला नियम असा : माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी. आपल्या अभ्यासगटाने रोज रात्री डेटाबेसची प्रत काढून ती दुसऱ्या शहरातील, शक्यतो दुसऱ्या पुरवठादाराच्या साठवणीत पाठवावी. तीन महिन्यांतून एकदा त्या प्रतीवरून नवा सर्व्हर प्रत्यक्ष उभा करून पाहावा. परत उभी करून न पाहिलेली प्रत ही केवळ समजूत असते.

पुरवठादार ही जबाबदारी घेत नाही का? येथे ‘सामाईक जबाबदारी’चे तत्त्व लागू होते. इमारत, वीज, यंत्र यांची जबाबदारी पुरवठादाराची. आभासी यंत्र भाड्याने घेतले असेल, तर कार्यकारी प्रणालीपासून वरचे सर्व ग्राहकाचे. यंत्राऐवजी तयार मंच किंवा तयार आज्ञावली भाड्याने घेतली, तर पुरवठादाराचा वाटा वाढतो. माहितीची जबाबदारी मात्र तिन्ही प्रकारांत ग्राहकाकडेच राहते.

भारतातील व्यवस्था

१९७६ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र ही शासकीय संगणनाची मुख्य संस्था आहे. दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर येथे तिची राष्ट्रीय डेटा केंद्रे आहेत. प्रत्येक खात्याने स्वतंत्र सर्व्हर घ्यावेत आणि ते बहुतांश काळ रिकामे राहावेत, ही उधळपट्टी थांबवण्यासाठी केंद्र शासनाने २०१३ मध्ये ‘मेघराज’ या उपक्रमाची दिशा जाहीर केली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय क्लाउड सुरू झाले. पुढे खासगी पुरवठादारांनाही लेखापरीक्षणानंतर सूचीबद्ध करण्याची पद्धत आली. शासकीय माहिती भारतातच राहावी, ही सूचीतील अट आहे. सार्वजनिक आकडेवारी खुली करण्याचे धोरण २०१२ चे असून त्याच वर्षी खुल्या शासकीय माहितीचे संकेतस्थळ सुरू झाले.

क्षमतेच्या त्वरित वाढीची कसोटी आपल्याकडे २८ एप्रिल २०२१ रोजी लागली. अठरा वर्षांवरील सर्वांसाठी ‘कोविन’वर नावनोंदणी खुली झाली आणि पहिल्याच दिवशी एक कोटीहून अधिक नावे नोंदली गेली. अशा दिवसाच्या मापाने कायमची यंत्रे घेणे कोणत्याही वित्त विभागास मान्य झाले नसते.

नियमनाची बाजूही अभ्यासावी. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये देयक-व्यवहारांची माहिती भारतातच साठवण्याचे बंधन घातले. संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ चा असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. या अधिनियमात माहितीच्या सुरक्षेचे दायित्व माहिती गोळा करणाऱ्या संस्थेवर आहे. तिने प्रक्रियेचे काम दुसऱ्याकडे सोपवले तरी ते टळत नाही. कांद्याच्या भावांना हा कायदा लागू नाही. पण त्याच गटाने उद्या शेतकऱ्यांची नावे व दूरध्वनी क्रमांक साठवले, तर लागू होईल.

जागा बदलण्याची किंमत

पेटी प्रमाणित असल्याने आज्ञावली एका पुरवठादाराकडून दुसऱ्याकडे नेणे सोपे झाले. तरीही ग्राहक सहसा हलत नाहीत. माहिती आत नेण्यास शुल्क नसते, बाहेर काढण्यास असते, आणि साठा जसजसा वाढतो तसतशी ही रक्कम वाढते. शिवाय पुरवठादाराच्या खास डेटाबेस-सेवा सोयीच्या असतात, पण त्या दुसरीकडे मिळत नाहीत. यास बदलखर्च म्हणतात. तो जितका अधिक, तितकी विक्रेत्याची किंमत ठरवण्याची शक्ती अधिक. आपल्या अभ्यासगटाने पोस्टग्रेससारखा मुक्त डेटाबेस स्वतःच्या कंटेनरमध्ये चालवला तर त्याचा बदलखर्च कमी राहतो. मात्र देखभालीचे श्रम त्याला स्वतः करावे लागतात. त्याने सोयीची किंमत श्रमात मोजली, एवढेच.

युरोपीय संघाने या प्रश्नात कायद्याने हस्तक्षेप केला आहे. त्याचा ‘डेटा ॲक्ट’ १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला असून त्यानुसार पुरवठादार बदलताना आकारले जाणारे शुल्क १२ जानेवारी २०२७ पासून पूर्णपणे बंद करावे लागेल. त्यापूर्वीच, २०२४ च्या पहिल्या तिमाहीत, गुगल, ॲमेझॉन व मायक्रोसॉफ्ट यांनी कायमचे सोडून जाणाऱ्या ग्राहकांचे हे शुल्क माफ केले. रोजच्या वापरात माहिती बाहेर पाठवण्याचे शुल्क त्या माफीत येत नाही. आपल्याकडे शासकीय क्लाउड खरेदीच्या मार्गदर्शक सूचनांत कराराच्या शेवटी माहिती हस्तांतरित करण्याची तरतूद आहे. ती शासकीय खरेदीदारापुरती आहे. आपल्या अभ्यासगटासारख्या लहान ग्राहकास पुरवठादाराने देऊ केलेला करारच स्वीकारावा लागतो, आणि त्यातील बाहेर पडण्याचे कलम त्याने सही करण्यापूर्वी वाचलेले असावे.